छतातून ऊन गळतं, त्याचं काय?

"आज थर, उद्या मजला." गेली दोन वर्षं हे वाक्य मी सतत ऐकते आहे. सोसायटीच्या सभेत ऐकलं, लोकलच्या डब्यात ऐकलं, शहर नियोजनावरच्या एका व्याख्यानानंतर चहाच्या रांगेत एका निवृत्त अभियंत्याच्या तोंडून ऐकलं. बोलणाऱ्याला ते इतकं पटलेलं असतं की पुढे काही सांगायची गरजच त्याला वाटत नाही. चार शब्दांत विषय मिटतो.

विषय असा. उन्हाळ्यात घर तापू नये म्हणून गच्चीच्या स्लॅबवर उष्णतारोधक थर घालायचा, साधा पत्रा काढून दुहेरी पत्रा बसवायचा, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून आवरण द्यायचं, खिडकीबाहेर ऊन अडवणारी झडप लावायची. या कामांना महापालिकेची परवानगी लागावी का? प्रचलित मत म्हणतं, लागलीच पाहिजे. मुंबईत माणसाला ओसरी दिली की तो हातपाय पसरतो. गच्चीवर पत्रा टाकू दिला, त्याला भिंती आल्या. भिंती आल्या, दार आलं. दाराला कुलूप लागलं आणि खोली भाड्याने गेली. शिवाय इमारती जुन्या, त्यांना भार सोसणार नाही. शिवाय आगीची भीती. शिवाय इन्सुलेशन हे थंड देशांचं खूळ. आपल्याकडे पंखा आहे, कूलर आहे, ज्याला परवडतो त्याला एसी आहे. आणि शेवटी ठरलेला प्रश्न: लपवायचं काही नसेल तर अर्ज करायला काय हरकत आहे?

हे मत मला चुकीचं वाटतं, आणि क्रूरही वाटतं.

आमचं घर मुलुंडला, चार मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. एप्रिलच्या रात्री साडेदहाला पलंगावर उभं राहून छताला तळहात टेकवला तर ते नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखं गरम लागतं. बाहेर वारा सुटलेला असतो, खालच्या मजल्यांवर लोक निवांत झोपलेले असतात, आणि आमच्या खोलीतला उकाडा उतरायचं नाव घेत नाही. जेमतेम पाच-सहा इंचांचा तो काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. वरून शिरलेली उष्णता खाली पोचायला काही तास लागतात, आणि ती पोचते नेमकी माणसं अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा. पंखा लावला की छताला चिकटलेली तीच गरम हवा अंगावर येते. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. एप्रिल-मे त्या पलंगावर झोपत नाहीत. दाराजवळच्या पॅसेजमध्ये फरशीवर चटई टाकतात, ओला पंचा गळ्याभोवती घेतात, आणि पहाटे चारला कुठे त्यांचा डोळा लागतो.

दोन वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायची वेळ आली. सोसायटीने ठराव केला: जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, फोडायचा, पाणी अडवणारा थर द्यायचा, त्यावर दोन इंच जाडीचे फोमचे बोर्ड, त्यावर पातळ काँक्रीट, आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे, म्हणजे आपला जुना चायना मोझॅक. बोर्ड येऊन पडले आणि कुणीतरी तक्रार केली. स्थानिक कार्यालयातून एक गृहस्थ आले. गठ्ठे पाहिले, परवानगी विचारली. कोब्याच्या जागी कोबाच करणार असाल तर आमचं काही म्हणणं नाही, ते म्हणाले. हा थर नवा आहे, साहित्य वेगळं आहे, गच्चीची पातळी बदलते. आर्किटेक्टकडून प्रस्ताव आणा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणा. मे अर्धा सरला होता, पाऊस तोंडावर होता. कंत्राटदाराने हात वर केले. बोर्ड परत गेले आणि गच्चीवर विटांचे तुकडे चढले. त्या गृहस्थांनी कुणाशी अरेरावी केली नाही, पैसे मागितले नाहीत. नियम जसा वाचला तसा सांगितला. म्हणूनच मी माणसाबद्दल नाही, नियमाबद्दल लिहिते आहे.

मुंबईत हा नियम 1888 च्या महापालिका कायद्याच्या कलम 342 मधून येतो. इमारतीत फेरफार करण्याआधी आयुक्तांना नोटीस द्या, असं ते कलम सांगतं, आणि 'टेनंटेबल रिपेअर'ना, म्हणजे घर राहण्याजोगं ठेवणाऱ्या दुरुस्त्यांना, त्यातून सूट देतं. सूट कशाला, त्याची यादी आहे: गिलावा, रंग, फरशी, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ, सांडपाण्याचे पाइप, विजेची जोडणी. छप्पर बदलण्यालाही सूट आहे, पण त्याच साहित्याने. मग कशाला सूट नाही, त्याची दुसरी यादी येते. तिच्यात पोटमाळा वाढवणं, भार पेलणारी भिंत काढणं, इमारतीची लांबी-रुंदी-उंची बदलणं यांच्या पंगतीत छपराची दुरुस्ती वेगळ्या साहित्याने करणं येऊन बसलं आहे.

त्याच साहित्याने! पत्रा गंजला तर पत्राच. कौल फुटलं तर कौलच. आणि सिमेंटचा पत्रा तडकला तर सिमेंटचाच पत्रा. त्या सिमेंटच्या पत्र्यात बहुतेकदा ॲस्बेस्टॉस असतं, ज्याने कर्करोग होतो म्हणून साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. चाळीतल्या माणसाने तो पत्रा काढून पुन्हा तसलाच बसवला तर त्याला कुणी हटकणार नाही. त्या जागी ऊन अडवणारं, ॲस्बेस्टॉस नसलेलं छप्पर घातलं तर तो नोटिशीचा धनी. हा नियम नेमकं कुणाला सांभाळतो?

कायद्याचा स्वतःचाच शब्द घ्या: राहण्याजोगं. छतातून पाणी ठिबकलं तर घर राहण्याजोगं नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही गच्चीतून वरच्या मजल्यावर होणारी गळती थांबवण्याचा खर्च सोसायटीवर टाकलेला आहे. पाणी गळलं तर तो सगळ्यांचा प्रश्न आणि त्याच स्लॅबमधून ऊन गळलं तर ते वरच्या मजल्यावाल्याचं नशीब? सभेत मी हे विचारलं तेव्हा एक काका म्हणाले, "ताई, ऊन काय आजचं आहे का?" ऊन आजचं नाही. पाऊसही आजचा नव्हता. तरी कुठलीच सोसायटी गळक्या छताखालच्या माणसाला छत्री घेऊन झोप म्हणत नाही.

सगळेच कायदे असे आखडलेले आहेत असंही नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 43 मध्ये इमारतीची देखभाल, सुधारणा आणि इतर फेरफार यांना परवानगीतून वगळलं आहे. अट एवढीच की काम आतल्या भागापुरतं असावं किंवा बाहेरच्या रूपात मोठा फरक पडू नये. 'सुधारणा' हा शब्द तिथे छापलेला आहे. राष्ट्रीय इमारत संहिताही फॉल्स सीलिंग, गिलावा, छप्पर नव्याने घालणं अशी कामं परवानगीबाहेर ठेवते. गच्चीवर पॅरापेटच्या आड दोन इंच थर घातला तर रस्त्यावरून बघणाऱ्याला कुठलं रूप बदललेलं दिसणार आहे? राज्याने 1966 मध्ये सुधारणेला मोकळीक दिली. शहर अजून 1888 च्या कलमाला धरून जुनंच पुन्हा घाला म्हणतं.

दुसरीकडे दुरुस्तीचा हाच क्षण कायदा कसा वापरतो ते पाहण्यासारखं आहे. जर्मनीत छताचा किंवा भिंतीचा दहा टक्क्यांहून अधिक भाग नव्याने करायला घेतला तर तो ठरलेल्या उष्णतारोधक दर्जाचाच करावा लागतो. इंग्लंडमध्ये निम्म्याहून अधिक छप्पर उतरवलं तर तीच सक्ती. छप्पर एकदा उघडलं की पुन्हा वीस वर्षं उघडत नाही, तेव्हा उघडलंच आहे तर नीट करा, असा त्यामागचा विचार. बर्लिनमध्ये जुन्या घराच्या भिंतीवरचा थर शेजाऱ्याच्या हद्दीवर थोडा आला तरी शेजाऱ्याने तो सोसावा असा कायदा आहे आणि 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो उचलून धरला. घर दुरुस्तीला काढणाऱ्याला तिथे कायदा म्हणतो, याहून चांगलं कर. आमच्या सोसायटीला तो म्हणाला, होतं तेच कर.

आता "आज थर, उद्या मजला" या वाक्याकडे येते, कारण बाकी सगळे आक्षेप त्याच्या सावलीत उभे आहेत.

मजला म्हणजे काय? जिथे माणूस उभा राहतो, खाट टाकतो, चूल मांडतो, दाराला कुलूप लावतो, ती जागा. पाच सेंटिमीटर जाडीच्या बोर्डात यातलं काय होतं? गच्चीवर उभारलेला पत्र्याचा मांडव आणि स्लॅबला चिकटलेला थर यांत फरक करायला अभियंत्याची पदवी लागत नाही. मांडवाखाली जागा तयार होते, थराखाली होत नाही. मांडवाला जरूर परवानगी मागा, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण ज्यातून एक चौरस फूटही नवी जागा निघत नाही त्या कामाला वाढीव बांधकामाच्या रांगेत उभं करायचं आणि वर त्यालाच संशयित म्हणायचं, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि परवानगीच्या धाकाने मजले थांबले का? वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच-सहा मजल्यांची मंजुरी असताना एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली; ते काम ऐंशीच्या दशकात भर शहरात झालं, रात्रीच्या अंधारात नाही. शिळफाट्याजवळ 4 एप्रिल 2013 ला कोसळलेल्या इमारतीत 74 माणसं गेली. तिला परवानगी नव्हतीच. मजले चढवणारा अर्ज करत नसतो. अर्ज करतो तो सरळ माणूस, आणि अर्जाच्या खिडकीवर अडकतोही तोच. वॉर्ड ऑफिसातल्या अभियंत्यांचे हात आधीच कमी पडतात. त्यांचा एक दिवस आमच्या गच्चीवरचे फोमचे बोर्ड मोजण्यात गेला, तेव्हा त्या दिवशी कुठली इमारत न पाहता राहिली? अनधिकृत मजल्यांची ज्यांना खरी काळजी आहे त्यांनीच सगळ्यात आधी म्हणायला हवं, की थरांच्या मागे लागू नका, मजल्यांच्या मागे लागा.

भाराचं पाहू, कारण हा आक्षेप घेणारे स्वतःला शास्त्रीय म्हणवतात. चार इंचांच्या ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो भरतं. फोमचा दोन इंची बोर्ड दोन किलोच्या आत. त्यावरचं पातळ काँक्रीट आणि चायना मोझॅक धरले तरी सगळं मिळून कोब्याच्या निम्म्याच्या आसपासच येतं. आमची गच्ची अडीचशे चौरस मीटरची. म्हणजे कोब्याचे पन्नास टन विनापरवानगी वर गेले आणि त्याच्या निम्म्या वजनाला दाखला मागितला गेला. पन्नास टन जुनेच होते, हे खरं. पण भार हीच काळजी असेल तर भार कमी करणाऱ्याला कोण अडवतं? आणखी एक गोष्ट त्या निवृत्त अभियंत्यांना ठाऊक असायला हवी होती. उघडा स्लॅब रोज तापतो, फुगतो, रात्री आकसतो, आणि वर्षानुवर्षांच्या त्या ओढाताणीतून भेगा पडतात. वरून थर दिला तर ही ओढाताण मंदावते. जुन्या इमारतीची काळजी म्हणून जो थर नाकारला जातो, त्याच थराने जुनी इमारत जास्त टिकते.

आगीचा मुद्दा मी हलका मानत नाही. कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 ला गच्चीवरच्या आगीत 14 जण गेले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये त्याच वर्षी 14 जूनला 72 जण गेले, आणि तिथे तर बाहेरून लावलेल्या आवरणानेच आग खालून वरपर्यंत नेली. ग्रेनफेल हे नाव या वादात नेहमी पुढे येतं, माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून. पण ते काम चोरून झालेलं नव्हतं. त्याला नियोजन परवानगी होती, स्थानिक कौन्सिलच्या बांधकाम तपासणी विभागाचा शिक्का होता. कागद सगळे होते, फक्त भिंतीवरचं साहित्य पेटणारं होतं. त्यानंतर तिथे 18 मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत पेटणाऱ्या साहित्यावरच बंदी आली. ग्रेनफेलचा धडा हा आहे: साहित्य तपासा. रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर, पेटत नाही. काँक्रीटच्या दोन थरांमध्ये दाबलेल्या फोमचा धोका आणि भिंतीवर उघड्या लावलेल्या फोमचा धोका एक नाही. हा फरक अर्ध्या पानाच्या नियमात लिहिता येतो.

तो लिहिला जात नाही म्हणून काय होतं, ते मी भांडुपच्या डोंगरावर पाहिलं. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंचं घर तिथे आहे. खाली दहा बाय बारा, वर लोखंडी शिडीने जायचा माळा. माळ्यावर बसलं तर डोकं पत्र्याला लागायला वीतभर उरतं. तिथेच त्यांची मुलगी अकरावीचा अभ्यास करते. मी दुपारी दोनला गेले होते. फळीवरच्या स्टीलच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पत्र्याखाली त्यांनी थर्माकोलचे तक्ते सुतळीने बांधले होते, त्याखाली जुनी साडी ताणलेली, आणि पत्र्यावर कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, उडू नये म्हणून त्यावर दगड आणि स्कूटरचा टायर. थर्माकोलच्या खाली हातभर अंतरावर बल्ब, शिडीपाशी गॅसची शेगडी. दुहेरी पत्र्याची चौकशी त्यांनी केली होती. पत्रे बसवणाऱ्याने सांगितलं, "जुन्याला जुना लावा, कोणी बघत नाही. हा वेगळा दिसतो, लगेच माणूस येईल." शिवाय मुंबईत झोपडीची उंची 14 फुटांच्या वर नको, आणि त्यांचं घर आधीच त्या रेघेला टेकलेलं. दोन-तीन इंच जाड छप्पर घालायचं तर ते दोन-तीन इंच माळ्यातून कापायचे, म्हणजे मुलीच्या डोक्यावरच्या त्या वीतभर जागेतून.

म्हणून थर्माकोल. न पेटणारं छप्पर नियमाने अवघड करून ठेवलं, आणि पेटणारं थर्माकोल, ते आतून आहे, दिसत नाही म्हणून बिनबोभाट चाललं आहे. आगीच्या नावाने परवानगीची बाजू घेणाऱ्यांनी एकदा त्या शिडीवर चढून बघावं.

एसी घ्या, हा सल्ला ऐकला की मला सगळ्यात जास्त राग येतो. दीड टनाचा एसी खोलीतली पाचेक किलोवॅट उष्णता उचलतो, स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात मिळवतो आणि सगळी बाहेर फेकतो. शेजाऱ्याच्या खिडकीत, बोळात, खाली झाडाच्या पारावर बसलेल्या वॉचमनच्या अंगावर. आमच्या समोरच्या इमारतीच्या एकाच भिंतीवर मी बावीस आउटडोअर युनिट मोजली. लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेली, काहींचे नट गंजलेले, खाली फुटपाथ. त्यांतल्या एकाही युनिटबद्दल परवानगी विचारायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही. बाहेरची हवा तापवणारं यंत्र भिंतीला टांगायला कुणी अडवत नाही, आणि कुणालाही त्रास न देता ऊन वरच्या वर परतवणारा थर अडतो. ज्याच्याकडे एसीचे पैसे आणि त्याचं बिल भरायची ऐपत आहे त्याला मोकळा रस्ता. ज्याला एकदाच खर्च करून वीस वर्षं सुटका हवी आहे त्याला आर्किटेक्टची फी, दाखल्याची फी, प्रस्तावाची छाननी आणि तोवर संपलेला उन्हाळा. "एक अर्जच तर करायचा" म्हणणाऱ्यांनी हे सगळं कधी केलेलं नसतं. मोठ्या बिल्डरच्या ऑफिसात परवानग्यांसाठी माणसं पगारावर ठेवलेली असतात. सोळा घरांच्या सोसायटीत ते काम बँकेतून निवृत्त झालेले सेक्रेटरी गुडघेदुखी सांभाळत करतात.

इन्सुलेशन थंड देशांचं, असं म्हणणाऱ्यांना आपलीच घरं आठवत नाहीत का? मराठवाड्यातलं माळवद आणि खानदेशातलं धाबं म्हणजे दुसरं काय होतं? लाकडी सरांवर काड्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाआधी गच्चीवर नवी माती पडायची, चोपून बसवली जायची, आणि बाहेर चटके बसत असताना आत माजघरात गारवा असायचा. कोकणात पावसाआधी घर शाकारायचे. फुटकी कौलं बदलायची, पेंढा नवा घालायचा, झाप बांधायचे. शाकारणीला कुणी बांधकाम म्हणत नव्हतं, ते घर सांभाळणं होतं. आपण माती आणि पेंढा सोडला, काँक्रीट आणि पत्रा घेतला, आणि ऊन अडवण्याचं जे काम माती करत होती ते करायला काहीच ठेवलं नाही. फोमचा बोर्ड आणि रॉकवूल त्या मातीची जागा भरतात. थंड देशाचं काही असेल तर ते उघड्या काँक्रीटखाली उन्हाळा काढणं आहे.

पांढरा रंग लावा, रंगाला सूट आहे, असं सुचवणारे भेटतात. लावलाय आम्ही, कोब्यावर चुना मारला. दुपारी फरक पडतो, नाही म्हणत नाही, आणि पत्र्यावर तर लावावाच. पण एक पावसाळा गेला की गच्ची शेवाळाने काळी पडते. थराचं काम चुन्याने भागत नाही.

सरकारलाही हे सगळं ठाऊक आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2018 मध्ये 'इको निवास संहिता' आणली. नव्या निवासी इमारतीच्या छतातून, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे, चौरस मीटरला 1.2 वॉटहून जास्त उष्णता जाऊ नये, असं ती म्हणते. आमच्यासारख्या जुन्या छतांतून त्याच्या दुप्पट-तिप्पट जाते. दोन इंच फोमने ती मर्यादेच्याही निम्म्यावर येते. म्हणजे नव्या इमारतीकडून सरकार ज्या दर्जाची अपेक्षा करतं, त्या दर्जाला जुनं घर आपल्या खर्चाने पोचू पाहतं, तर त्याला नोटीस. अहमदाबादेत मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्या शहराने 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये थंड छपरांचं धोरण जाहीर केलं, त्यात सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती आहे. मुंबईचा स्वतःचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 चा. त्यात शहरातल्या वाढत्या उष्णतेची काळजी आहे. ती काळजी कलम 342 पर्यंत का पोचत नाही?

मनात आलं की वाट मोकळी होते, हेही आपण पाहिलं आहे. गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. 10 किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा, असं ठरलं. पॅनेल स्लॅबच्या वर लोखंडी सांगाड्यावर उभी राहतात, वारा धरतात, रस्त्यावरून दिसतात. त्यांच्यावर विश्वास टाकता येतो. मग स्लॅबला चिकटून पडून राहणाऱ्या, न हलणाऱ्या, न दिसणाऱ्या थराने काय अपराध केला आहे?

म्हणून मागणी सरळ आहे. कलम 342 मधली 'त्याच साहित्याने' ही अट काढा. उष्णता अडवणारा थर हा गिलाव्यासारखाच घर राहण्याजोगं ठेवणारा आहे, असं तिथे लिहा. मोजमाप हवं तर घाला: छतावर जास्तीत जास्त सहा इंच, भिंतीवर चार, काढलेल्या थरापेक्षा भार जास्त नको, जिथे थर उघडा राहतो तिथे साहित्य न पेटणारं, त्याखाली कुठलीही बंदिस्त जागा नको. काम झाल्यावर फोटो आणि साहित्याचं बिल वॉर्डात कळवायचं, बस. खोटं सांगणाऱ्याला दंड करा, कडक करा. झोपडीची उंची मोजताना थराची जाडी सोडा. आणि उपविधींत गच्चीच्या गळतीशेजारी गच्चीचं तापणंही लिहा, म्हणजे सभेत ते एकट्या वरच्या मजल्याचं रडगाणं ठरणार नाही.

यातलं एकही कलम मजला चढवणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. भांडुपच्या त्या माळ्याला मात्र यातल्या प्रत्येकाचा उपयोग आहे, आणि आमच्या गच्चीला झाला असता. आता कोबा बसला, घट्ट झाला. चांगला बसलाय म्हणतात. दहा-बारा वर्षं तरी फोडायचं कारण नाही. तोवर सासूबाई नव्वदीला टेकतील. चटई त्यांनी याही मार्चमध्ये पॅसेजमध्ये काढून ठेवली आहे.